मजकूर-फाइलमधून संस्कृत–मराठी शब्दचाचणी : बरोबर उत्तरे चूक का ठरतात?

प्रश्न : संस्कृत_शिक्षिका

मी एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना संस्कृत शिकवते. पाठाखालचे शब्दार्थ मुले परीक्षेच्या तोंडावर घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. म्हणून शाळेच्या संगणक-कक्षात रोज थोडा वेळ सराव करता येईल, अशी साधी शब्दचाचणी मी पायथनमध्ये लिहीत आहे. शब्द एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवले आहेत, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षिकेला प्रोग्रामला हात न लावता यादी बदलता आली पाहिजे. फाइलची सुरुवात अशी आहे :

वृक्ष: : झाड
जलम् : पाणी
नीरम् : पाणी
कर: : हात
कर: : किरण
दु:खम् : दुःख

प्रोग्राम प्रत्येक ओळ अपूर्णविरामाच्या चिन्हावर तोडतो, दोन तुकडे डिक्शनरीत (शब्द आणि अर्थ यांच्या जोड्यांच्या साठ्यात) ठेवतो, रँडम मॉड्यूलच्या चॉइसने एक शब्द निवडतो, विद्यार्थ्याचे उत्तर इनपुटने घेतो आणि दोन बरोबरीच्या चिन्हांनी तुलना करून गुण देतो. मात्र पुढील अडचणी येत आहेत.

घरी माझ्याकडे उबुंटू आणि पायथन ३.१२ आहे. तेथे फाइल उघडते, पण काही ओळींवर 'अपेक्षेपेक्षा जास्त तुकडे मिळाले' अशा अर्थाची त्रुटी येते. शाळेतील संगणकांवर विंडोज ७ आणि पायथन ३.८ आहे, आणि तेथे तीच फाइल उघडतानाच 'चारमॅप कोडेक ८डी हा बाइट वाचू शकत नाही, स्थान ११' असा संदेश येतो. गंमत अशी की 'माला', 'लता' अशा चार-पाच शब्दांची छोटी फाइल करून पाहिली, तर त्रुटी येत नाही, पण पडद्यावर देवनागरीऐवजी विचित्र लॅटिन चिन्हे दिसतात. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त खटकते : विद्यार्थ्याने टंकलेले उत्तर डोळ्यांना अगदी फाइलीतल्यासारखेच दिसते, तरीही प्रोग्राम ते चूक ठरवतो. नववीतल्या मुलाने बरोबर उत्तर लिहावे आणि यंत्राने त्याला चूक म्हणावे, हे मला चालणार नाही. त्या मुलाचा त्या शब्दावरचा विश्वासच उडतो.

शेवटी, चुकलेले शब्द पुन्हापुन्हा विचारले जावेत अशी सोयही हवी आहे. पायथनचे माझे ज्ञान प्राथमिक आहे, त्यामुळे कारणासह उत्तर मिळाले तर फार मदत होईल.

उत्तर : बाइटमोजणी

मॅडम, 'स्थान ११' हा आकडा आपण नोंदवलात हे फार चांगले केलेत, कारण दोषाचा पत्ता त्यातच आहे. यूटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आपल्या फाइलीतला पहिला शब्द 'वृक्ष' आहे, म्हणजे व, ऋकाराचे चिन्ह, क, हलन्त, ष. शून्यापासून मोजले तर हलन्ताचे बाइट ९, १० आणि ११ या स्थानांवर येतात आणि त्यातला शेवटचा बाइट सोळा-आधारी पद्धतीत ८डी असतो. शाळेतल्या विंडोजवर ओपन या फंक्शनला संकेतन सांगितले नाही, तर पायथन त्या संगणकाचे मूळ संकेतन गृहीत धरतो. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते विंडोज-१२५२ असते, आणि त्या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. त्यामुळे पहिला हलन्त येताच वाचन थांबते. ऱ्हस्व उकाराच्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८१, 'ए' या स्वराचा ८एफ आणि 'झ'चा ९डी आहे, म्हणजे तेही याच खड्ड्यात पडतात. 'माला' आणि 'लता' यांत यांपैकी काहीच नाही, म्हणून तेथे त्रुटी न येता प्रत्येक बाइटचे स्वतंत्र लॅटिन चिन्ह झाले. त्रुटी येणे हे त्या मानाने बरे, कारण निदान काहीतरी बिघडले आहे हे कळते.

उपाय एका शब्दाचा आहे. ओपन फंक्शनला एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-सिग' द्यावे. नुसते 'यूटीएफ-८' न देता 'सिग' का, तर जुने नोटपॅड यूटीएफ-८मध्ये फाइल जतन करताना सुरुवातीला बॉम नावाचे एक अदृश्य चिन्ह टाकते. विंडोज १०च्या २०१९मधील आवृत्तीपासून नोटपॅडची ही सवय गेली, पण आपल्या कक्षात विंडोज ७ आहे, आणि पुढच्या शिक्षिका यादी तेथेच बदलतील. हे चिन्ह पहिल्या शब्दाला चिकटते, स्ट्रिप या फंक्शनने निघत नाही, आणि मराठीवरून संस्कृत विचारले तर यादीतला पहिला शब्द कोणालाही कधीच बरोबर देता येत नाही. 'सिग' असलेले संकेतन बॉम असेल तर काढून टाकते आणि नसेल तर काही बिघडवत नाही. नोटपॅडमध्ये जतन करताना मात्र संकेतनाच्या चौकटीत 'एएनएसआय' निवडले जाणार नाही, हे सर्वांना सांगून ठेवा. तसे झाल्यास सगळी देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळवता येत नाहीत.

आता तुकड्यांची त्रुटी पाहू. 'वृक्ष: : झाड' या ओळीत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकला गेला आहे आणि आपण ओळ तोडता आहात तीही अपूर्णविरामावरच. त्यामुळे दोनऐवजी तीन तुकडे होतात. संस्कृतात अकारान्त पुल्लिंगी शब्दाची प्रथमा विसर्गाने संपते, म्हणजे निम्मी यादी या कात्रीत सापडणार. विभाजक बदलणे हाच खरा उपाय आहे. टॅब चालतो, पण तो दिसत नाही आणि काही संपादक त्याच्या रिकाम्या जागा करून टाकतात. उभी रेघ मी सुचवणार नाही, कारण ती दंडासारखी दिसते आणि टंकणाऱ्याचा हात सवयीने दंडावर जातो. बरोबरीचे चिन्ह कोणत्याही संस्कृत किंवा मराठी शब्दात येत नाही आणि डोळ्यांना स्पष्ट दिसते, म्हणून फाइल अशी ठेवावी :

वृक्षः = झाड, तरू
जलम् = पाणी
करः = हात, किरण

ओळ तोडण्यासाठी स्प्लिटऐवजी पार्टिशन वापरा. ते नेहमी तीन तुकडे देते, आणि विभाजक सापडला नाही तर मधला तुकडा रिकामा असतो. तसे आढळले, तर एन्युमरेटने मिळालेला ओळ-क्रमांक दाखवून 'ओळ ४२ मध्ये बरोबरीचे चिन्ह नाही' असा मराठी संदेश द्यावा आणि पुढच्या ओळीकडे जावे. रिकाम्या ओळी आणि हॅशने सुरू होणाऱ्या ओळी वगळाव्यात, म्हणजे पाठांची नावे फाइलीतच लिहिता येतील. यादी सांभाळणाऱ्या पुढच्या शिक्षिकेला प्रोग्रामपेक्षा या एका संदेशाचा उपयोग जास्त होईल, असे माझे मत आहे.

उत्तर : अक्षरजुळणी

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्याला सर्वांत जास्त खटकणाऱ्या तिसऱ्या अडचणीबद्दल मी लिहितो. देवनागरीत एकच दिसणारा शब्द आतून वेगवेगळ्या चिन्हांचा बनलेला असू शकतो, आणि दोन बरोबरीची चिन्हे फक्त आतली चिन्हे तपासतात. म्हणून फाइलीतला शब्द आणि विद्यार्थ्याचे उत्तर, दोन्ही एकाच 'सारखे करा' फंक्शनमधून काढून मगच त्यांची तुलना करावी. विद्यार्थ्याला दाखवायचा शब्द मात्र फाइलीत आहे तसाच ठेवावा.

या फंक्शनमध्ये काय असावे, यातच खरा विचार आहे. प्रथम कडेच्या रिकाम्या जागा काढाव्यात आणि युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझला 'एनएफसी' (सुटी चिन्हे शक्य तेथे जोडून एक करणारा) हा प्रकार देऊन शब्द त्यातून काढावा. त्यामुळे 'ऱ' हे एक चिन्ह आणि 'र'खाली नुक्ता देऊन केलेला 'ऱ' हे दोन्ही एक होतात. पण एनएफसी सगळे करत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधीच्या आणि आजच्याही काही कळफलकांवर ते 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी बनते, आणि युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपे समान नाहीत. ही बदली स्वतःच लिहावी लागते. विसर्गाच्या जागी आलेल्या अपूर्णविरामाचेही तसेच. आता विभाजक बदलला असल्यामुळे अपूर्णविराम दिसला की त्याचा विसर्ग करणे सुरक्षित आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून वजाबाकीच्या चिन्हाची कळ दाबली की खरा विसर्ग मिळतो, तेवढे मुलांना एकदा दाखवून द्यावे. तरीही प्रोग्रामने दोन्ही स्वीकारावेत.

यानंतर अदृश्य जोडक आणि विभक्तक चिन्हे येतात. काही कळफलक 'जलम्'च्या शेवटच्या हलन्तानंतर असे एक चिन्ह गुपचूप टाकतात. ही चिन्हे रिकाम्या जागेत मोडत नाहीत, म्हणून स्ट्रिप त्यांना हात लावत नाही आणि ती वेगळी काढावी लागतात. मात्र सरसकट काढू नका. अनेक ठिकाणी 'दऱ्या' हा शब्द 'र', हलन्त, अदृश्य जोडक आणि 'या' असा टंकलेला असतो. त्यातला जोडक उडवला की उरतो 'दर्या', म्हणजे समुद्र. 'कन्दराः'चा अर्थ म्हणून 'दऱ्या' लिहिणारी मुलगी चूक ठरेल, किंवा 'दर्या' लिहिणारी बरोबर ठरेल. म्हणून 'र', हलन्त, जोडक हा क्रम दिसला की आधी त्याचा 'ऱ' आणि हलन्त करावा, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हा क्रम उलटा झाला तर चूक पुन्हा शोधणे फार अवघड जाते.

परसवर्णाचा, म्हणजे अनुस्वाराऐवजी पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक लिहिण्याचा, निर्णय आपला आहे. 'अङ्कः' आणि 'अंकः' समान मानायचे असतील, तर अनुनासिकाचा अनुस्वार फक्त त्याच वर्गातल्या पहिल्या चार व्यंजनांपूर्वी करावा : 'ङ्' नंतर क ते घ, 'ञ्' नंतर च ते झ, 'ण्' नंतर ट ते ढ, 'न्' नंतर त ते ध आणि 'म्' नंतर प ते भ. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ही पाच छोटी सूत्रे होतात. यापेक्षा ढोबळ नियम केला, तर 'अन्नम्' आणि 'जन्म' यांचीही मोडतोड होते.

उत्तर : तयार_साधन

एक वेगळा मुद्दा मांडतो. अंकी हा मुक्त प्रोग्राम २००६ पासून उपलब्ध आहे, टॅबने विभागलेली मजकूर-फाइल तो थेट आयात करतो आणि चुकलेले शब्द पुन्हा विचारण्याचे वेळापत्रक स्वतःच ठेवतो. आपण हे सारे नव्याने का लिहीत आहात, हे समजून घ्यायला आवडेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : संस्कृत_शिक्षिका

सर्वांची मी आभारी आहे. संकेतन आणि विभाजक बदलल्यावर दोन्ही ठिकाणी फाइल उघडते आहे.

अंकी मी पाहिले आहे आणि स्वतःच्या अभ्यासासाठी ते मला फार चांगले वाटते. वर्गासाठी मात्र अडचण अशी की त्यात सामान्यतः उत्तर पाहून विद्यार्थी स्वतःच स्वतःला श्रेणी देतो. टंकून उत्तर देण्याची सोय आहे, पण ती तुलना एकाच रकान्याशी अक्षरशः होते. मला मुलांकडून शब्द लिहवून घ्यायचा आहे, कारण परीक्षेत त्यांना तो लिहावाच लागतो, आणि शुद्धलेखनाची सवय लिहिण्यानेच लागते. शिवाय 'पाणी' या अर्थाला जलम्, नीरम्, तोयम्, वारि यांपैकी कोणतेही उत्तर बरोबर धरले पाहिजे.

याच संदर्भात दोन शंका उरल्या आहेत. मुलाने 'जलम्'ऐवजी 'जलं' लिहिले, किंवा ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली, तर काय करावे? आणि पर्यायी प्रश्नांसाठी मी सगळ्या अर्थांचा सेट करून त्यातून रँडम मॉड्यूलच्या सँपलने चार अर्थ निवडले, तर शाळेत ते चालते आणि घरी त्रुटी येते. या वेळी उलटे कसे झाले?

उत्तर : बाइटमोजणी

सेटची शंका सोपी आहे. सेटमधून थेट सँपल घेण्याची सवलत पायथन ३.११मध्ये काढून टाकली गेली, म्हणून शाळेतल्या ३.८वर ते चालते आणि घरच्या ३.१२वर नाही. सेटला आधी सॉर्टेडने यादीचे रूप द्या, म्हणजे दोन्हीकडे चालेल. विंडोज ७वर ३.८ ही चालणारी शेवटची मालिका असल्याने प्रोग्रामची अंतिम चाचणी नेहमी शाळेतच घ्यावी. चुकीचे पर्याय निवडताना त्या शब्दाचे सगळे बरोबर अर्थ आधी वगळा. 'करः' विचारताना 'हात' आणि 'किरण' हे दोन्ही एकाच चौकटीत आले, तर प्रश्नच चुकीचा ठरतो.

त्याच ओघात डिक्शनरीकडे लक्ष वेधतो. आपल्या मूळ रचनेत 'कर' दोनदा आला होता, आणि डिक्शनरीत दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते. ओळी नीट तुटल्या असत्या, तरी 'हात' हा अर्थ कोणतीही सूचना न देता नाहीसा झाला असता. प्रत्येक शब्दापुढे अर्थांची यादी ठेवावी आणि तोच शब्द पुन्हा आला तर अर्थ त्या यादीत जोडावा. कलेक्शन्स मॉड्यूलमधील डिफॉल्टडिक्ट यासाठीच आहे. फाइल वाचतानाच उलटी डिक्शनरीही बांधत गेलात, म्हणजे प्रत्येक मराठी अर्थापुढे त्याचे सगळे संस्कृत शब्द ठेवलेत, तर 'पाणी'चा आपला प्रश्न सुटतो : उत्तर त्या गटात आहे की नाही एवढेच पाहायचे. बरोबर आल्यावर गटातले उरलेले शब्द दाखवावेत. 'तोयम्' लिहिणाऱ्याला 'वारि' तेथेच भेटेल.

उत्तर : अक्षरजुळणी

ऱ्हस्व-दीर्घाबाबत माझे मत ठाम आहे : असे उत्तर बरोबर धरू नये. 'दिनम्' म्हणजे दिवस आणि 'दीनः' म्हणजे गरीब. हा फरक सैल केला तर शब्दच हातचा जातो. पण त्याला सरसकट चूकही म्हणू नये. दोन्ही शब्दांतील इकार-उकार ऱ्हस्व करून दुसरी तुलना करावी, आणि तीत जुळले तर 'शब्द ओळखलात, ऱ्हस्व-दीर्घ तपासा' असा संदेश देऊन पुन्हा एक संधी द्यावी. डिफलिबसारखी साम्य मोजणारी मॉड्यूले येथे मी वापरणार नाही. ती टक्केवारी सांगतात, पण चूक कोणत्या जातीची आहे ते सांगत नाहीत, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

'जलं' मात्र मी स्वीकारेन आणि सोबत 'वाक्याच्या शेवटी किंवा सुटा शब्द लिहिताना जलम् असे लिहावे' ही सूचना दाखवेन. आपण गुण कापणार असाल तर तेही योग्यच आहे. परीक्षक आपण आहात.

उत्तर : जुना_अध्यापक

बाई, चुकलेल्या शब्दांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. चॉइसने प्रत्येक वेळी नवी निवड केली, तर एकच शब्द लागोपाठ येतो आणि काही शब्द तासभर येतच नाहीत. त्याऐवजी पूर्ण यादी एकदा शफलने पिसून घ्यावी आणि क्रमाने विचारावी. शब्द चुकला की तो त्याच यादीत चार-पाच जागा पुढे पुन्हा घालावा. लगेच पुढचाच प्रश्न म्हणून विचारू नये, कारण तेव्हा मूल आठवत नाही, नुकतेच पाहिलेले उतरवून काढते.

दिवसांच्या अंतराने उजळणी हवी असेल, तर जर्मन विज्ञान-पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली कप्प्यांची पद्धत पुरेशी आहे. सगळे शब्द पहिल्या कप्प्यात सुरू होतात. उत्तर बरोबर आले की शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि चुकले की थेट पहिल्यात परततो. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा असे अंतर ठेवावे. शाळेसाठी तीनच कप्पे ठेवा, कारण सुट्ट्या आणि परीक्षा यांमुळे त्याहून लांबची वेळापत्रके पाळली जात नाहीत.

ही प्रगती शब्दांच्या फाइलीत कधीही लिहू नका. प्रत्येक विद्यार्थ्याची हजेरी-क्रमांकाच्या नावाने वेगळी जेसन (नोंदी मजकुराच्या रूपात ठेवणारी) फाइल करावी आणि तीत शब्द, कप्पा व शेवटची तारीख एवढेच ठेवावे. जतन करताना 'एन्शुअर-आस्की' हा पर्याय फॉल्स द्यावा, नाहीतर फाइलीत देवनागरीऐवजी संकेतांकांच्या ओळी दिसतात. प्रोग्रामला त्याने फरक पडत नाही, पण आपल्याला फाइल उघडून कोण कोठे अडतो ते वाचता येणार नाही. वीज गेल्याने अर्धवट फाइल राहू नये म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसने ती मूळ नावावर आणावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : संस्कृत_शिक्षिका

तीन कप्प्यांची पद्धत मी घेत आहे. एक शेवटची शंका : मूल अडले तर पहिले अक्षर दाखवावे, असे मला वाटत होते. 'क्षेत्रम्'साठी शून्याव्या स्थानावरचे चिन्ह घेतले, तर 'क' मिळतो आणि मुलांची दिशाभूल होते.

उत्तर : अक्षरजुळणी

पायथन सुटी चिन्हे मोजतो, अक्षरे मोजत नाही. आपल्या कामापुरते असे करा : पहिले चिन्ह घ्या, पुढचे चिन्ह हलन्त असेल तर तो आणि त्यानंतरचे व्यंजन घ्या, आणि हलन्त येत राहील तोवर हेच करा, शेवटी मात्रा, अनुस्वार किंवा विसर्ग असतील तर तेही घ्या. 'क्षेत्रम्'चे 'क्षे' मिळेल, 'स्त्री'चे अख्खे 'स्त्री'. म्हणून उत्तर एकाच अक्षराचे असेल, तर ही मदत बंद ठेवण्याची अट आधी तपासा.